पहिला नंबर मानाचा

"सर, पहिलाच लागला," असं फोनवर सोनाली म्हणाली तेव्हा हर्षद उतेकरच्या तोंडात टूथपेस्टचा फेस होता. मंगळवारची सकाळ होती. चवदार तळ्यामागच्या गल्लीतल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत मोरीच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसत होते. ते गेल्या शुक्रवारपासून वाळत होते आणि अजून वाळत होते. हर्षद फेसातूनच "अभिनंदन" म्हणाला. मग थांबला. "पहिला म्हणजे कितवा?" एम.एस्सी. फिजिक्स प्रथम श्रेणीत पास झालेल्या माणसाने हा प्रश्न विचारला. "पहिला म्हणजे पहिला, सर. तुमी घातलेला. मानाचा." हर्षदने फेस गिळला. गिळल्यावर पोटात थंडगार पुदिना उतरत गेला, आणि त्या पुदिन्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी उतरलं, ज्याला चव नव्हती. "आता काय करायचं, सर? मला तर लोणेऱ्याचं कॉलेज पायजे होतं," सोनाली म्हणाली. "बघतो," हर्षद म्हणाला आणि रेंज गेल्यासारखं करून फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

हर्षद महाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायचा. तासिका तत्त्व म्हणजे तास असला की माणूस असतो, तास संपला की नसतो. स्टाफरूममध्ये त्याच्या नावाचं कपाट नव्हतं, खुर्चीसुद्धा जो गैरहजर असेल त्याची. लग्नासाठी दोन-तीन स्थळं आली होती, पण मुलीकडचेही निकष लावूनच येतात. तासिका तत्त्वावरचा नवरा ही कल्पना कुणाला पटली नाही. मात्र मे ते ऑगस्ट हे चार महिने पोलादपुरापासून वीर स्टेशनपर्यंत त्याच्याइतका महत्त्वाचा माणूस नसायचा, कारण त्याच्याकडे तक्ता होता. राज्यातली एकशे बारा कॉलेजं, उभी. आडवे रकाने एकोणीस. अभियांत्रिकीला बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच, तिन्ही विषय मिळून किमान टक्के किती, सीईटीचा पर्सेंटाइल गेल्या तीन वर्षांत कुठे थांबला, बी.एस्सी.ला नुसते बारावीचे मार्क चालतात की तिथेही वेगळी परीक्षा, गणित सोडलेल्या पोराने फार्मसीकडे वळावं की शेतीकडे, मुलींचं वसतिगृह आहे का, वसतिगृह ते कॉलेज अंतर, मेसमध्ये भात रोज असतो की नाही. हा शेवटचा रकाना खास कोकणासाठी होता आणि पालक आधी तोच बघायचे. एकशे बारांपैकी एकही कॉलेज हर्षदने पाहिलेलं नव्हतं. पण हे कुणी विचारत नसे, जसं पंचांग बघणाऱ्याला तू गुरूवर जाऊन आलास का असं कुणी विचारत नाही.

आणि फॉर्म भरताना त्याचा एक नियम होता. पसंतीक्रमातला पहिला नंबर मानाचा. इकडे वाडीवस्तीत लग्न निघालं की पहिली पत्रिका ग्रामदेवतेसमोर ठेवतात. देव लग्नाला येत नाही, त्याच्यासाठी ताट वाढावं लागत नाही, पण पत्रिका जाते. त्याशिवाय दुसरी पत्रिका घराबाहेर पडत नाही. हर्षद पोरांना सांगायचा, तसंच हे. पहिला एक मोठा, न लागणारा घालायचा. दुसऱ्यापासून खरं. पोरांना आणि पालकांना हे इतकं पटायचं की कॉलेजची माहिती न विचारता ते मान डोलवायचे. आणि तो मानाचा नंबर सगळ्यांचा एकच होता: आठशे किलोमीटरवरचं, नागपूरकडचं एक कॉलेज, शाखा खाणकाम. तो स्वतः बी.एस्सी.ला असल्यापासून, सात वर्षांत दोनशे अकरा फॉर्म. दोनशे अकरा पोरापोरींची पहिली इच्छा, सरकारदरबारी नोंदलेली, की आम्हाला खाणीत जायचंय. तिकडे कुठल्या तरी कार्यालयात एखाद्याने आकडेवारी काढली असती तर महाड-पोलादपूरच्या लोकांना जमिनीखाली जायची एवढी घाई का, असा त्याला प्रश्न पडला असता. ऐंशी पर्सेंटाइलची पोरं, तिकडचा आकडा नव्वदच्या वर. देव कधी येत नव्हता. पहिला पर्याय लागला की तो आपोआप पक्का होतो, मुदतीत घ्यायचा नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, हे हर्षदला माहीत होतं. तक्त्यात खाली लाल अक्षरांत त्यानेच लिहिलेलं होतं. पण यंदा खाणीत जायची इच्छा महाराष्ट्रात बाकी कुणालाच उरली नव्हती बहुतेक. आकडा कोसळला, त्र्याऐंशीवर येऊन थांबला, आणि त्र्याऐंशीवर सोनाली पार्टे उभी होती. देव आला. पंगतीत बसला आणि म्हणाला, वाढा.

मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचची होती.

त्या दिवशी त्याने दोन तास घेतले, दोन्ही घर्षणावर. स्टाफरूममध्ये राजेंद्र सरांनी, ज्यांना कपाट होतं, विचारलं, "काय उतेकर, मानाचा लागला म्हणे एकीला? आता आमच्या भाचीचा फॉर्म भरलायत, तिला कुठे पाठवताय, चंद्रावर?" सगळे हसले. हर्षदही हसला, दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला हसावं लागतं. मग तो खिडकीकडे बघत बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण राजेंद्र सरांचं हसणं आणि शिपायाचं हसणं यांची तुलना करतोय. ही सवय कधी लागली ते त्याला नेमकं माहीत होतं, तारखेसकट. तो तुलनेशिवाय भाजीही घेऊ शकत नसे. दोन मेसपैकी एक ठरवायला त्याने पाच आठवडे घेतले होते, तोवर एक मेस बंद पडली आणि त्याला फार हलकं वाटलं होतं. संध्याकाळी सोनालीचे तीन मेसेज आले. तिसऱ्यात फक्त 'सर?' एवढंच होतं. खोलीत येऊन त्याने कागद घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'जाणे', उजवीकडे 'न जाणे', आणि हात थांबला. हे अक्षर त्याने पाहिलेलं होतं. हीच रेघ, किंचित डावीकडे कललेली.

आठ वर्षांपूर्वी तो अठरा वर्षांचा होता आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला गावच्या घरात ओटीवर बसला होता. त्याला तेच कॉलेज, तीच शाखा लागली होती. गावात आणि कॉलेजात सगळ्यांना माहीत असलेली हकीकत वेगळी होती: हर्षदचं दोन मार्कांनी हुकलं. ती त्यानेच सांगितली होती. पुढे दोनाचा एक झाला, एकाचा अर्धा. लोकांना अर्धा मार्क जास्त आवडला, लोक हळहळायचे, चहा पाजायचे. खरं असं होतं की काहीच हुकलं नव्हतं. खाणकाम का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. तो सहा वर्षांचा असताना पलीकडच्या डोंगराची एक बाजू खाली आली होती. दुसऱ्या दिवशी सगळं गाव वर बघत उभं होतं आणि याला एकट्याला वाटत होतं की आत बघायला पाहिजे. एवढंच. हे कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. आई, बनुबाई, ताटात भात वाढता वाढता म्हणाली होती, "लय लांब हाय रे." जाऊ नको असं ती म्हणाली नाही. जा असंही नाही. मोठा भाऊ किशोर मुंबईहून फोनवर म्हणाला, "तुझं तू बघ, टेन्शन नको घेऊ." मग हर्षदने वहीत रेघ मारली. जाण्याच्या बाजूने चौदा मुद्दे निघाले. न जाण्याच्या बाजूनेही चौदा. आता पंधरावा मुद्दा ज्या बाजूला सुचेल ती बाजू जिंकली, असं ठरवून तो ओटीवर बसला. समोर अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. ऊन सरकत गेलं. कोंबडीला काहीतरी सापडलं, ती गेली. आतल्या घड्याळात पाचचे ठोके पडले, मुदत संपली, तेव्हा पंधरावा मुद्दा अजून सुचायचा होता. त्याला भीती वाटली नाही, रडू आलं नाही. जांभई आली. ज्या आईला सोडवत नव्हतं ती पुढे दोन वर्षांनी किशोरदादाच्या पोराला सांभाळायला विरारला गेली आणि तिकडेच राहिली, आता फोनवर म्हणते, "तू हितं येऊन जात जा रे कधी, मला लांब पडतं." गावचं घर बंद, आईचं विरार, दादाचं विरार, आणि ज्यांच्यासाठी थांबला त्यांच्यापैकी कुणीही नसलेल्या जागी हर्षद एकटा थांबलेला, जसं एस.टी. दुसऱ्या फलाटावरून निघून गेल्यावर पाटीखाली माणूस उभा असतो.

बुधवार असाच गेला. तक्ता सुरू करायचा, फाडायचा. फोन वाजला की बघत बसायचा.

गुरुवारी त्याचे तास नव्हते, म्हणजे तो नव्हता. दुपारी त्याने पोलादपूरची एस.टी. धरली आणि तिथून उमरठच्या रस्त्याला जाणारी रिक्षा. खिशात घडी केलेला कोरा कागद होता, मध्ये रेघ मारलेला. त्याने ठरवलं होतं की सांगायचं. काय सांगायचं याची दोन रूपं तयार होती: एकात चूक नियमांची होती, दुसऱ्यात त्याची. वळणावळणाला तो त्यांची तुलना करत होता. सोनालीची वाडी चार वर्षांपूर्वी दरडीखाली गेली, तेव्हा ती नववीत होती. बाप, चांगू पार्टे, बाहेर पडला होता. म्हैस सोडायला परत आत गेला. आता वाडीतले उरलेले लोक खालच्या सपाटीवर सरकारी घरांत राहत होते, एकसारखी घरं, दारावर नंबर. एकतीस नंबरमध्ये येसूबाई आणि सोनाली. वर्गात सोनाली नेहमी उजवीकडच्या शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसायची, कारण तिथून खिडकीतला डोंगर समोर येतो. डोंगराकडे पाठ करून ती बसत नसे. एकदा गुरुत्वाकर्षण चाललं असताना तिने विचारलं होतं, "सर, एवढी वर्षं उभा होता, मग त्याच दिवशी का?" हर्षदने सांगितलं होतं, हे अभ्यासक्रमात नाही.

"मास्तर आले गो," येसूबाईने आत आवाज दिला आणि त्याला खुर्ची दिली. त्या घरात खुर्ची एकच होती आणि त्याची होती. त्याला जरा अवघडल्यासारखं झालं. सोनाली बाहेर आली ती तोंड फुगवूनच. "दोन दिस फोन लावतेय, सर. रेंज नाय म्हणून तुमी सांगणार. आमच्याकडं पाण्याच्या टाकीखाली उभं रायलं की रेंज येते, तुमच्या महाडला नाय?"

"होती," हर्षद म्हणाला.

"मग?"

"सोनाली, तुझा दुसरा नंबर लोणेरे होता. पहिला घातला नसता तर तो नक्की लागला असता."

"ते समजलं मला. सकाळी जायचं, सांजच्याला आयशीकडं परत. आता तेबी नाय, हेबी नाय. बारा वाजल्यापासून वाचतेय मी तुमच्या तक्त्यातलं ते लाल अक्षरांतलं. तुमीच लिवलंय ना ते?" ती उंबऱ्यावर बसली, डोंगराकडे तोंड करून. "मग घातलात कशाला?"

चहा आला, बिनदुधाचा. हर्षदने कपात बघितलं. दोन्ही रूपं तयार होती आणि दोन्ही कुठे गेली ते कळलं नाही. जे बाहेर आलं ते तिसरंच होतं. "ते कॉलेज माझं होतं," तो म्हणाला. मग कोंबडीपासून सगळं सांगितलं. चौदा मुद्दे, चौदा मुद्दे, पाचचे ठोके. अर्ध्या मार्काचंही सांगितलं, खिशातल्या रेघ मारलेल्या कागदाचंही. बोलताना त्याला आपला आवाज दुसऱ्याच्या खोलीतून येतोय असं वाटत होतं. दोनशे अकरा हा आकडा सांगताना त्याला लाज वाटली आणि लाजेच्या तळाशी थोडा अभिमानही वाटला, तोही त्याने सांगून टाकला. बाहेर कुणीतरी पत्रा ओढत नेत होतं. येसूबाई भिंतीला टेकून ऐकत होती, तिने लुगड्याच्या पदराने कपाची कड पुसली आणि म्हणाली, "म्हंजे तुमाला कुणी जा म्हटलं नाय."

"नाही."

"आन् नको बी म्हटलं नाय."

"नाही."

"मग कोंबडीनं अडवलं व्हय तुमाला?"

सोनाली हसली नाही. तिने हात पुढे केला. "बघू तो कागद." तिने रेघ बघितली, कोरे रकाने बघितले. "बरोबर चौदा-चौदा कसे निघाले, सर? हिकडं एक सुचला की तिकडं बी एक शोधायचात?" हर्षदने मान हलवली. "मग ती तुलना नाय झाली. वाटणी झाली. भावाभावांत करतात तशी, कुणी रुसू नये म्हणून." तिने कागदाची घडी घातली. तो चरचरीत आवाज हर्षदला फार मोठा वाटला. मग ती आईकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "आये, मी गेले तर तू एकटी."

येसूबाई काही क्षण डोंगराकडे बघत राहिली. ती बघायची ती ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी, ज्याच्याशी बोलणं बंद आहे. "तू हितं रायलीस म्हणून तो थांबणार हाय काय गो?" ती म्हणाली. "मी बी तेव्हा हितंच होते. थांबला काय?"

हर्षदला वाटलं, आता पंधरावा मुद्दा. त्याने आपोआप मोजायला सुरुवात केली आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं की इथे कुणीच मोजत नाहीये. सोनालीने चपला घातल्या होत्या आणि ती टाकीकडे निघाली होती. तो मागोमाग गेला. टाकीच्या खांबाला टेकून तिने मोबाईल वर धरला, रेंजची काडी आली, गेली, आली. "सर, तुमी जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय." तो बाजूला झाला. अंगठा पडद्यावर टेकलेला असताना ती म्हणाली, "दोनशे अकरा पोरांनी तुमचा मान ठेवला. जायला तर पायजे ना कुणीतरी." आणि दाबलं. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. एवढ्या लवकरही हे होऊ शकतं, हे हर्षदला माहीत नव्हतं.

दहा दिवसांनी त्याने मायलेकींना वीरच्या रिक्षात बसवून दिलं. एक ट्रंक, दोन पिशव्या, तांदळाची एक गोणी, कारण तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात त्या कॉलेजपुढे 'भात: रोज नाही' असं लिहिलेलं होतं. येसूबाई पहिल्यांदाच रायगड जिल्ह्याबाहेर चालली होती आणि तिने जाताना घराला कुलूप लावून किल्ली डोंगराला दाखवली, असं सोनालीने सांगितलं. खरं की गंमत, त्याला कळलं नाही. "सर, तुमी बी चला की," रिक्षात बसता बसता सोनाली म्हणाली. "तुमचंच कॉलेज हाय." "मला तास आहेत," हर्षद म्हणाला. त्या दिवशी रविवार होता. रिक्षा हायवेला लागेपर्यंत तो हात हलवत राहिला; मग हात खाली घेतला आणि त्याचं काय करायचं ते न सुचून खिशात घातला.

त्यानंतर नेहमीसारखा सप्टेंबर आला. प्रवेश संपले की हर्षदचा फोन एकाएकी वाजायचा बंद होतो, जसा हंगाम संपल्यावर मंडपवाल्याचा. मार्चात चवदार तळ्यावर दूरदूरच्या गावांहून माणसं येतात, पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरात कडेच्या बाकावर तो एकटा बसू शकतो आणि कुठल्या बाकावर बसायचं ते ठरवायला हवा तेवढा वेळ असतो. राजेंद्र सरांची भाची चंद्रावर गेली नाही, पनवेलला गेली. हर्षदने पुढच्या वर्षाचा तक्ता उघडला होता आणि पहिल्या ओळीतल्या मानाच्या कॉलेजपुढे काय लिहायचं ते सुचत नव्हतं. अशा एका दुपारी फोन वाजला.

"सर, तुमच्या तक्त्यात चूक हाय."

"कुठे?"

"वसतिगृह ते कॉलेज. तुमी लिवलंय दोन किलोमीटर. मी आज मोजलं. चारशे बारा पावलं हायत. गेटातून डायरेक्ट वर्गात." मागे कुठेतरी पोरींचा गलका होता, भांड्यांचा आवाज होता. "आन् भात रोज असतो. आमची गोणी तशीच पडलीय. बरं, ठेवते, लॅब हाय. ते दगड कापतात, सर, पापडासारखा पातळ, आन् आतून बघतात."

फोन बंद झाला. मग लॅपटॉपवर पहिल्या ओळीत, बाराव्या रकान्यात जाऊन त्याने 'दोन कि.मी.' पुसलं आणि 'चारशे बारा पावलं' असं लिहिलं. एकशे बारा गुणिले एकोणीस, दोन हजार एकशे अठ्ठावीस चौकटी. त्यांतली ही पहिली, जिच्यावरून कुणीतरी चालून आलं होतं. बाकीच्या दोन हजार एकशे सत्तावीस एकदम फिकट दिसायला लागल्या. त्याने चपला घातल्या.

गल्लीच्या तोंडाशी, जिथून तळं दिसायला लागतं, तिथे त्याने उजवा पाय पुढे टाकला आणि मनात म्हटलं, एक. सोनालीची पावलं डोंगरातली, म्हणजे आपल्यापेक्षा लांब असतील की आखूड, असा विचार बाविसाव्या पावलाला आला आणि तिसाव्याला मागे पडला, कारण तुलना करत बसलं तर मोजणी चुकते. तळ्याच्या कडेकडेने तो चालत राहिला. एकशे दहाला फुगेवाला होता. दोनशे साठला शाळेतून घरी चाललेल्या दोन मुली, ओठ हलवत चाललेल्या सरांकडे बघून फिदीफिदी हसल्या. तीनशे नव्वद. चारशे अकरा. चारशे बारा.

तो थांबला. समोर एक बंद असलेलं छत्री दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या शटरवर शेवाळ चढलं होतं, पायरीवर एक कुत्रं झोपलेलं होतं. म्हणजे कॉलेज इथे. त्याने शर्टाची वरची गुंडी लावली आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं. पाचला वीस मिनिटं कमी होती. कुत्र्याने एक डोळा उघडला, त्याच्याकडे बघितलं आणि त्याला बसता येईल एवढी जागा करत पायरीच्या कडेला सरकलं.